रात्रीची लघवी, रात्रीची तहान, जळणारे पाय: शुगरची शंका कधी घ्यायची? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. सकाळी फास्टिंगच्या रांगेत बसलेली माणसं सुई टोचेपर्यंत जे जे विचारतात ते प्रश्न आणि त्यावर जे पक्कं माहितीय ते इथं लिहिलंय. मला सारखं एक दिसतं, रात्रीच्या प्रत्येक त्रासाला आपल्याकडं एक तयार कारण असतंच. तहान लागली तर उन्हाळा, लघवी जास्त झाली तर पाणी जास्त प्यालो, पाय जळले तर दिवसभर मागावर उभं राहिलो, घोरणं तर काय घराण्यातच आहे. बऱ्याचदा ते कारण खरं पण असतं. पण खरं आहे का नाही हे तपासायला एक सकाळ आणि एक टोचणं पुरतं, आणि तेवढंच करायचं लोक वर्ष-दोन वर्ष टाळतात.

रात्री लघवीला किती वेळा उठणं नॉर्मल?

एकदा उठणं बऱ्याच जणांना असतं, साठीनंतर तर जास्तच. रोज दोन किंवा जास्त वेळा उठावं लागत असेल तर कारण शोधायला पाहिजे. पण आकड्यापेक्षा बदल बघा. जो माणूस पहाटेपर्यंत कूस बदलत नव्हता तो दोन-तीन आठवड्यांपासून रोज तीनदा उठतोय, उशाला तांब्या ठेवायला लागलाय, आणि शर्ट ढगळ व्हायला लागलाय, असं सगळं एकत्र आलं की शुगर बघितल्याशिवाय राहू नका. एखाद्या लग्नातून येऊन रात्रभर पाणी पीत बसलात तर तो विषय वेगळा.

शुगर वाढली की लघवी का वाढते? मी पाणीच जास्त पितो म्हणून होत असेल ना?

उलटं आहे ते. मूत्रपिंड रक्तातली साखर सहसा वाया जाऊ देत नाही, गाळून परत रक्तात घेतं. पण रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की त्याची क्षमता संपते, उजनी भरली की दरवाजे उघडावेच लागतात तसं, आणि साखर लघवीत उतरायला लागते. साखर एकटी जात नाही, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी नुसती वारंवार होत नाही, भरपूर होते, आणि अंगातलं पाणी गेलं म्हणून मग तहान लागते. म्हणजे आधी लघवी, मागून तहान. "पाणी कमी पितो, मग लघवी कमी होईल" हा उपाय इथं चालत नाही, अंग अजून सुकतं.

यातनंच अजून एक गोष्ट कळते. शुगर १३०-१५० मध्ये असेल तर यातलं काहीच होणार नाही, रात्री मस्त झोप लागेल आणि तरी डायबेटीस असू शकतो. वय वाढलं की ही १८० ची पातळी अजून वर सरकते, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांत तर शुगर बरीच वाढेपर्यंत लघवीवरून पत्ताच लागत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच तहान लागते की ओ, मग ओळखायचं कसं?

बरोबर आहे, एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असताना तहान लागली नाही तरच नवल. पण उन्हाच्या तहानेत आणि शुगरच्या तहानेत एक फरक घरबसल्या दिसतो. उन्हात पाणी घामावाटे जातं, त्यामुळं लघवी कमी होते आणि गडद पिवळी होते. शुगरच्या तहानेत तुम्ही तांब्या-तांब्या पाणी पिताय आणि तेवढीच लघवी पण होतीय, ती पण फिकट, पाण्यासारखी, रात्रभर. एवढ्या उन्हात घाम गाळून पण लघवी भरपूर होत असेल तर उन्हाळ्यावर ढकलू नका.

आणि तहान भागवायला काय पिताय ते पण बघा. उसाचा रस, रंगीत सरबत, कोल्ड्रिंक, दोन चमचे साखर घातलेलं लिंबूपाणी. शुगर वाढलेल्या माणसाला तहान लागते, तो गोड पितो, शुगर अजून चढते, तहान अजून लागते, आणि हे असं चार-सहा दिवस चाललं की शुगर ४००-५०० वर गेलेली माणसं आणून बसवतात आमच्याकडं, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले. साधं पाणी, ताक एवढंच ठेवा रिपोर्ट येईपर्यंत.

वडील ६८ वर्षांचे आहेत, रात्री चार-पाच वेळा उठतात. प्रोस्टेट असेल की शुगर?

दोन्ही पण असू शकतं, आणि एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतं. अंदाज घ्यायचा एक सोपा मार्ग सांगते, जरा विचित्र वाटेल. एक जुनी एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा भाग कापा, बाजूनं मार्करनं दर १०० मिलीला खूण करा आणि दोन दिवस संडासात ठेवा. दर वेळी किती होते ते कागदावर लिहायचं, वेळेसकट. प्रोस्टेटमध्ये साधारण दिसतं ते असं, दर वेळी थोडीशीच, धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावर पण अजून राहिल्यासारखं वाटतं. शुगरमध्ये दर वेळी बाटली चांगली भरते, आणि दिवस-रात्र मिळून ३ लिटरच्या वर गेली तर ते नक्कीच जास्त आहे. हा कागद डॉक्टरांकडं घेऊन जा, नुसतं "लै वेळा जातात" सांगण्यापेक्षा त्यांना याचा दहापट उपयोग होतो.

तिसरी कारणं पण आहेत. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या संध्याकाळी घेतल्या तर रात्र तशीच जाणार, वेळ बदलता येते का ते डॉक्टरांनाच विचारा, गोळी स्वतः बंद करू नका. पायावर सूज असेल तर दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं आणि रात्री लघवीवाटे जातं, त्यात हृदयाचं काही असू शकतं. संध्याकाळी सात नंतरचे तीन कप चहा हे पण कारण आहेच. आणि कारण काही का असेना, संडासच्या वाटेवर एक छोटा दिवा लावून ठेवा. रात्री अंधारात घसरून खुब्याचं हाड मोडलं तर ते शुगरपेक्षा आधी माणसाला झोपवतं.

लघवीच्या जागी मुंग्या लागल्या म्हणजे शुगर, हे खरं का?

लघवीतून साखर जात असेल तर मुंग्या येऊ शकतात, जुन्या लोकांनी उगीच नाही सांगितलेलं. पण टेस्ट म्हणून काही कामाचं नाही. मुंग्या आल्या नाहीत म्हणजे शुगर नाही असं होत नाही, आणि आल्या तर दुसऱ्या कशाला पण आल्या असतील. त्यात आता डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात, त्यांचं कामच लघवीतून साखर बाहेर काढायचं आहे, म्हणजे शुगर कंट्रोलमध्ये असून पण लघवीत साखर सापडणार. मुंग्या दिसल्या तर रक्त तपासा.

रात्री तळपाय जळतात, चादर पण सहन होत नाही. दिवसा काही नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आपल्या गावात त्याचं कारण पण तयार असतं, दिवसभर कारखान्यात उभं राहणं किंवा विड्या वळत मांडी घालून बसणं. उभं राहून पाय दुखतात, पोटऱ्या भरून येतात, ते वेगळं. नसांचं जळणं वेगळं असतं. ते बोटांपासून सुरू होतं, दोन्ही पायांना सारखं, हळूहळू वर चढतं, मोजे घातलेत तेवढ्या भागात. जळजळ, टोचणी, मुंग्या, मधेच करंट मारल्यासारखं. रात्री जास्त जाणवतं. आपली सोलापुरी चादर तर जाडजूड, तिचा नुसता स्पर्श टोचतो म्हणून पाय बाहेर काढून झोपणारे लोक मी बघितलेत. काहींना तर डायबेटीस असल्याचं याच तक्रारीवरून पहिल्यांदा कळतं, कारण शुगर आत कित्येक वर्षं वाढलेली असते.

पण लगेच शिक्का मारू नका. बी१२ कमी असेल तर असंच होतं, आणि शाकाहारी घरात ते कमी असणं काही नवीन नाही. दारूनं होतं, थायरॉइडनं होतं, किडनीच्या आजारात होतं. गंमत म्हणजे शुगरसाठीची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर तिनं पण बी१२ कमी होऊ शकतं, म्हणजे शुगरवाल्याचे पाय जळतायत तर शुगरसोबत बी१२ पण बघून घ्या.

आता महत्त्वाचं. जळजळ आपोआप थांबली म्हणजे बरं झालं असं नसतं कायम, कधीकधी नसच सुन्न झालेली असते. मग चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही, खडा टोचला कळत नाही. असे पाय गरम पाण्यात बुडवून बसू नका, गरम विटेचा शेक घेऊ नका, फोड येईपर्यंत चटका कळत नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे दरवर्षी हजारोंनी असतात, ४५ किलोमीटर, काही जण अनवाणी. शुगर असेल आणि पायाला कमी कळत असेल तर अनवाणी जाऊ नका, आईला बूट घातलेला भक्त पण चालतो. रोज झोपताना पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यात, टाचेला, खाली दिसत नसेल तर आरसा धरून.

पिंढरीत गोळे येतात रात्री, ते पण शुगरचंच का?

एकट्या गोळ्यांवरून काही सांगता येत नाही. घाम जाऊन पाणी-क्षार कमी होणं, वय, गरोदरपण, काही औषधं, कितीतरी कारणं आहेत.

झोपेत दरदरून घाम येतो. शुगर वाढली असेल का?

इथं आधी एक सांगा, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का?

चालू नसेल तर रात्रीच्या घामामागं वाढलेली शुगर सहसा नसते. पाळी जायच्या वयातल्या बायकांना असा घाम येतो, थायरॉइड वाढलं तर येतो, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला, बारीक ताप, वजन कमी होणं असेल तर टीबीची तपासणी करायलाच पाहिजे. शुगरवाल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून टीबी निघाला तर शुगर आणि शुगर असताना असा खोकला आला तर टीबी, दोन्ही बघतात.

चालू असेल तर मात्र शुगर उतरली असेल हा विचार सगळ्यात आधी करा.

झोपेत शुगर उतरली हे घरच्यांनी ओळखायचं कसं, आणि करायचं काय?

याला जरा सविस्तर लिहिते कारण वाढलेली शुगर हळूहळू त्रास देते, उतरलेली शुगर त्याच रात्री घात करू शकते.

झोपलेल्या माणसाला स्वतःला बऱ्याचदा कळतच नाही. कळतं ते शेजारी झोपलेल्याला. बनियन भिजलेलं, अंग गार, झोपेत बडबड, हातपाय झाडणं, भयंकर स्वप्न पडून दचकून उठणं, हलवलं तर डोळे उघडतो पण भलतंच बोलतो, चिडतो. एक ताई मला म्हणाल्या, "हे रात्री मला ओळखतच नव्हते, मला वाटलं कुणाची नजर लागली," आणि सकाळी म्हणे काही आठवत नव्हतं. सकाळी डोकं जड असणं, उशी ओली असणं, रात्र झोपून पण गळून गेल्यासारखं वाटणं, हे पण रात्री शुगर उतरून गेल्याचं चिन्ह असू शकतं.

घरी शुगर बघायचं मशीन असेल तर लगेच बघा, ७० च्या खाली म्हणजे उतरलीय, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मशीन नसेल तर शोधत बसू नका, उतरलीय असं समजून गोड द्या. माणूस जागा आहे, गिळू शकतोय, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. १५ मिनिटं थांबा, परत बघा, वाढली नसेल तर परत तेवढंच. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यात तूप-लोणी असतं, साखर रक्तात उशिरा जाते. शुगर वर आली की मग भाकरी-दूध, बिस्किट काहीतरी खायला द्या म्हणजे परत उतरणार नाही. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांच्या पोटात साधी साखर लवकर फुटत नाही, त्यांच्या उशाला ग्लुकोज पावडरच पाहिजे. गोळीचं पाकीट काढून नाव वाचून घ्या आज, रात्री तीनला वाचायची वेळ येऊ नये.

शुद्ध नसेल, गिळत नसेल, झटके येत असतील तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणी पण नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा.

हे कुणाला होतं? इन्सुलिनवाल्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्यावाल्यांना. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर सहसा होत नाही. आणि होतं कधी, तर गोळी घेतली आणि जेवण राहिलं, एकादशी धरली पण गोळी रोजचीच घेतली, रोजे चालू आहेत आणि डोस बदलून घेतला नाही, दिवसभर नेहमीपेक्षा जास्त अंगमेहनत झाली, किंवा रात्री न जेवता दारू घेतली. दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही, आणि घरच्यांना वाटतं पिऊन पडलाय, झोपू दे. ते झोपू देणंच महागात पडतं. किडनी कमजोर असेल तर गोळीचा अंमल लांबतो, शुगर एकदा वर येऊन परत उतरते, म्हणून अशा वेळी बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. आणि एकदा जरी असं झालं तरी डॉक्टरांना सांगा, डोस बदलायला लागतो.

रात्री झोपताना शुगर १४०, काही खाल्लं नाही, सकाळी १९० कशी?

रात्री उपाशी असलात तरी लिव्हर साखर सोडत असतं, आणि पहाटे तीन-चारपासून शरीर उठायची तयारी म्हणून काही हार्मोन सोडतं त्यानं ती अजून वाढते. ज्याचं इन्सुलिन पुरतं त्याला काही होत नाही, शुगरवाल्याची सकाळी चढलेली दिसते. उशिरा जड जेवण, रात्रीचा इन्सुलिनचा डोस कमी पडणं, ही पण कारणं. कधीकधी मधे उतरून परत चढलेली असते असं पण सांगतात. ते बघायला दोन-तीन रात्री २ ते ३ च्या दरम्यान मशीनवर शुगर बघायची आणि लिहून ठेवायची. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, काही भागात रात्री-बेरात्री येतं, पाण्यासाठी उठलात की त्याच वेळी बोट टोचून घ्या, वेगळा गजर लावायला नको. आणि सकाळचा आकडा बघून रात्रीची गोळी आपल्या मनानं वाढवू नका, मधे उतरत असेल तर अजून उतरेल.

घोरण्याचा आणि शुगरचा काय संबंध?

नुसतं घोरणं असेल तर फार नाही. पण घोरता घोरता श्वास थांबतो, काही सेकंद एकदम शांत, मग गुदमरल्यासारखा मोठ्ठा आवाज करून परत सुरू, हे ज्यांना होतं त्यांच्यात टाइप २ डायबेटीस (मोठ्यांमध्ये नेहमी दिसतो तो प्रकार) जास्त दिसतो, वजन हे दोन्हीमागचं एक मोठं कारण, आणि झोपेत ऑक्सिजन कमी-जास्त झाल्यानं शुगरवर पण परिणाम होतो. हा श्वास थांबणारा आजार स्वतःच रात्रीची लघवी वाढवतो, म्हणजे शुगर नॉर्मल निघाली आणि तरी माणूस चारदा उठतोय, दिवसा गाडीवर डुलक्या खातोय, तर झोपेची तपासणी करा.

मी नाईट शिफ्टला आहे, मला हे सगळं कसं लागू होणार?

तुमची मुख्य झोप जेव्हा असेल ती तुमची रात्र. दिवसा झोपता आणि त्या झोपेत तीनदा लघवीला उठता, तर ते रात्रीचंच लक्षण धरा. कारखाना, वॉचमन, हॉस्पिटल, वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांना टाइप २ चा धोका थोडा जास्त असतो असं अभ्यासात दिसलंय, जेवण-झोपेची घडी विस्कटते त्यामुळं. फास्टिंगला येताना एवढंच लक्षात ठेवा, आठ तास पोटात काही गेलं नाही पाहिजे. पहाटे चारला कॅन्टीनचा चहा घेऊन सातला फास्टिंग द्यायला येतात लोक आणि विचारलं तर "चहाच घेतला की, जेवलो कुठं" म्हणतात. त्यांच्यासाठी तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी बरी, तिला उपाशी राहायची गरज नाही.

आठ वर्षांचा मुलगा परत अंथरुण ओलं करायला लागलाय.

बाकी प्रश्न नंतर वाचा, हा आज बघा. आधी कोरडं झोपणारं मूल अचानक परत गादी ओली करायला लागलं, पाणी खूप पितंय, खाऊन पण वाळत चाललंय, मलूल आहे, तर टाइप १ डायबेटीसची (अंगात इन्सुलिन बनणंच बंद पडतं तो प्रकार) शंका घ्यायची आणि त्याच दिवशी शुगर बघायची, कुठल्याही वेळची, उद्या सकाळी उपाशीपोटी आणतो असं करायचं नाही. मुलांमध्ये हे काही दिवसांत वाढतं. उलट्या, पोटदुखी, खोल-खोल जोरात श्वास, तोंडाला गोडसर फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. पोट बिघडलं असेल म्हणून घरी ओवा-सोडा देत बसलेले आईबाप असतात, त्यांचा दोष नाही, ते दिसतंच तसं. मुलाला गादीवरून रागवू नका, घरातल्या कुणाला शुगर नाही म्हणून निर्धास्त पण राहू नका, टाइप १ च्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणाला नसतं.

शुगर नॉर्मल निघाली तर छान, मग लघवीतलं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, शाळेतलं टेन्शन बघता येतं.

गरोदर आहे, रात्री सारखं उठावं लागतं.

गरोदरपणात ते नेहमीचंच. पण शुगर त्यावरून ओळखू जाऊ नका, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी जी टेस्ट करतात ती पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या. १४० किंवा वर आली तर उपचार लागतात. डिलिव्हरीनंतर शुगर गेली तरी पुढं डायबेटीसचा धोका राहतो, दरवर्षी बघत राहा.

रात्री खाज सुटते, सांगायला लाज वाटते.

लघवीच्या जागी सारखी खाज, पांढरा स्राव, पुरुषांत पुढची कातडी चिरणं, मलम लावलं की जातं आणि परत येतं. वारंवार होत असेल तर शुगर बघा. बायका वर्षभर मेडिकलमधून मलमं घेतात आणि कुणाला सांगत नाहीत. लॅबमध्ये कारण सांगायची पण गरज नाही, नुसतं शुगर करायचीय म्हणा.

रात्री फक्त भाकरी खाल्ली तर चालतं ना? ज्वारीनं शुगर वाढत नाही म्हणतात.

वाढते की. पांढऱ्या भातापेक्षा ज्वारी बरी, शेंगाचटणी, कांदा, पालेभाजी सोबत असेल तर अजून बरी, पण भाकरी हे धान्यच आहे. मंगळवेढ्याची ज्वारी असली तरी. कडक भाकरी हलकी वाटते म्हणून चार-चार मोडून आमटीत घालणारे आहेत, ते मोजायला पाहिजे.

कुठली टेस्ट करायची आणि आकडे कसे वाचायचे?

उपाशीपोटी १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ मधलं काठावरचं, १२६ किंवा वर म्हणजे डायबेटीस. एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून डायबेटीस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या खाली नॉर्मल, २०० पासून डायबेटीस. लक्षणं ठसठशीत आहेत आणि कुठल्याही वेळची शुगर २०० किंवा वर, तर तेवढं पुरे असतं. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

घरचं मशीन अंदाजाला चांगलं, निदान लॅबच्या रिपोर्टवर. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं तर मशीन भलताच आकडा दाखवतं, ३०० बघून घाबरलेले लोक हात धुवून आले की १२० येते. स्ट्रिपची डबी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन पण सोबत करून घ्या.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा, ३० वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासणी तिथं होते.

रात्री मला यातलं काहीच होत नाही. मग कशाला टेस्ट?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात वर पाहिजे होता. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) देशभरातला मोठा अभ्यास आला, त्यात भारतात डायबेटीस असलेले १० कोटींच्या वर आणि काठावरचे १३ कोटींच्या वर असा अंदाज आहे. यातल्या सगळ्यांचे पाय काही रात्री जळत नाहीत. बहुतेकांना काही म्हणजे काही होत नसतं, दात काढायला, चष्म्याला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्यावर कळतं. आई-वडिलांना शुगर, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर, मानेमागं काळपट मखमलीसारखी कातडी, पीसीओडी, बीपी, यातलं काही असेल तर रात्रीच्या लक्षणाची वाट बघत बसू नका.

उद्या सकाळी फास्टिंगला येतोय, काय पाळायचं?

रात्री नेहमीसारखं जेवा, रिपोर्ट चांगला यावा म्हणून उपाशी झोपू नका. त्यानंतर आठ ते दहा तास काही नाही, साधं पाणी चालतं, ते प्याच, शिर सापडायला सोपी जाते. चहा नाही, बिनसाखरेचा पण नको, तंबाखू-विडी पण नको. शुगरची गोळी आधीपासून चालू असेल तर ती घरून उपाशीपोटी घेऊन येऊ नका, बीपीची घ्यायची का नाही ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका, आणि नाश्त्याचा डबा पण, रक्त दिलं की तिथंच बाकावर बसून खा.